बेचाळिसाव्या मिनिटाला

असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच केली आहे. त्यामुळे लिहिताना हात अडखळतोय... पण यात माझ्या वडिलांचं नाव आहे, म्हणून लिहितो.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. लोकांनी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून शब्दशः टाइप करून देतो. नियम एकच – ऐकू आलं तेवढंच लिहायचं. नाही कळलं, तर कंसात ‘अस्पष्ट’ टाकून पुढे जायचं.

आमचे अण्णा, दामू सावंत, शहाडच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. ड्यूटीवर झोपले, बॉयलर फुटता फुटता वाचला, म्हणून त्यांना काढलं. क्वार्टर सोडून आम्ही टिटवाळ्याच्या चाळीत आलो. शाळेत पोरं ओरडायची, “ए सावंत, बाप उठला का रे?” मी अण्णांना कधी माफ केलं नाही. शेवटची दोन वर्षं अर्धांगवायूने त्यांची जीभ जड झाली होती. मला पाहिलं की काहीतरी सांगू बघायचे. परक्यांचं बोलणं दहादा मागे घेऊन ऐकणारा मी... त्यांना म्हणायचो, “राहू द्या अण्णा, कळत नाही.” ते तसेच गेले.

गेल्या वर्षी एका संशोधक बाईंचं काम आलं – जुन्या कामगारांच्या मुलाखती. त्यात अण्णांच्या खात्यातले शिर्के काका निघाले. भरदुपारी टाइप करत बसलो होतो. बेचाळिसाव्या मिनिटाला त्यांचा आवाज एकदम जड झाला. दमले असतील. मी स्पीड कमी केला, सात वेळा मागे घेतलं, पण ‘अस्पष्ट’ लिहिलं नाही. लिहिलं ते असं –

“झोप दामूला नाही, मला लागली होती. घरी मुलगी आठ दिवसांची, रात्रभर जागा होतो. दामू साहेबांना म्हणाला, चूक माझी आहे.”

फाइल पाठवली आणि ढसाढसा रडलो.

चार दिवसांनी बाईंचा फोन. “अहो सावंत, हे कुठून आणलंत? तिथे नुसता पंख्याचा आवाज आहे हो!”

“मॅडम, वीस वर्षांत पदरचा एक शब्द घातला नाही मी.”

पुन्हा लावलं. खरंच पंखा... चाळीस सेकंद, बाकी काही नाही. पण तोवर बाईंनी तो मजकूर शिर्के काकांना वाचून दाखवला होता. टाइप करणाऱ्याचं आडनाव विचारून काकांनी मलाच फोन लावला.

“दामूचा पोरगा ना रे तू? अरे, हे मी बोललोच नाही. बायकोलासुद्धा कधी सांगायची हिंमत झाली नाही. पण अक्षर न् अक्षर खरंय. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.” मग म्हणाले, “म्हणजे बापाने शेवटी सांगितलंच तुला!”

मी “हो” म्हणालो.

“मग खोडू नको. राहू दे तसंच.”

ते चाळीस सेकंद मी अजूनही लावतो. पंखाच ऐकू येतो. कसं घडलं, मला सांगता येत नाही. पण आता कुणी विचारलं, वडील काय करायचे, तर मी विषय बदलत नाही. शहाडला बॉयलरवर होते, म्हणतो... आणि पुढचं सगळं सांगतो.