मग मी बी बसतो

"दिस काय बसून ऱ्हात न्हाईत."

कुणाचं काही बिनसलं की मामा त्याच्याकडं जाऊन हे वाक्य ठेवून येत. 'ठेवून येत' असंच म्हणायला हवं, कारण त्यापुढं त्यांच्याजवळ दुसरं काही नसे. सायकल चोरीला जावो, पोरगा मॅट्रिकला आपटो की कुणाची आई जावो, वाक्य तेच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्यापासून जरा लांबच बसतो.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी सोलापूरच्या एका कापड गिरणीत कारकून होतो आणि मामा साचेखात्यात, म्हणजे जिथं माग चालत तिथं. पन्नाशीचे, टेंभुर्णीकडचे, सगळ्या गिरणीचेच मामा. मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळं ते शांत खोलीतही ओरडून बोलत. सांत्वनसुद्धा ओरडूनच. गिरणीच्या दवाखान्यात ताप असो की पोटदुखी, कंपाउंडर एकच पांढरी गोळी देई. म्हणून ऑफिसातल्या आम्ही पोरांनी मामांचं नाव 'पांढरी गोळी' पाडलं होतं, आणि ते पाडण्यात मी पुढं होतो.

एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या पाठीवर हात ठेवून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, हेच सांगितलं. सवयीनं तोंडातून गेलं असणार. नवरदेव हसला, सासरे काही हसले नाहीत.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा आमचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. बायको दवाखान्यातून घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून निजली ती निजलीच. माझी आई भरवेल ते चार घास खायची. बोलणं बंद. शेजारच्या बायका यायच्या. "देवाचं होतं, देवानं नेलं." "वय काय गेलंय का तुझं? वर्षभरात पाळणा हलेल बघ." प्रत्येक वाक्यासरशी ती पांघरूण थोडं वर ओढून घ्यायची. ही अशीच आतल्या आत मिटत जाणार आणि मला परत मिळणार नाही, या भीतीनं मी पोखरून निघालो होतो. पण मी स्वतः तिच्याशी काहीच बोललो नाही. काय बोलावं ते कळत नव्हतं, आणि शिकल्यासवरल्या माणसानं उगाच काहीतरी बोलू नये, असंही वाटे.

एका रविवारी मामा दारात उभे. आता हे काय बोलणार ते मला पाठ होतं. ते पायरीवर टेकले आणि आतल्या खाटेकडं पाहून मोठ्यानं म्हणाले, "ताई, दिस काय बसून ऱ्हात न्हाईत."

भिंतीकडून आवाज आला, "माझे बसलेत."

किती दिवसांनी ऐकला मी तो आवाज. आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. मामांच्या त्या वाक्याला आजवर कुणी उलट उत्तर दिलंच नव्हतं. लोक "व्हय मामा" म्हणून मोकळे होत. मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांच्या मानानं अगदी हळू म्हणाले, "मग मी बी बसतो."

आणि खरंच बसले. तासभर तरी बसले असतील. एक शब्द बोलले नाहीत. उठताना मात्र म्हणाले, "येतो."

आई दचकली. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणू नये, मुकाट्यानं जावं, ही आपल्याकडची रीत. तिनं तसं बोलून दाखवलं.

"ठावं हाय की," मामा म्हणाले, "पर मी खरंच येनार हाय."

त्यांची तेव्हा दुपारपाळी होती. रोज बाराच्या सुमाराला ते भाकरी बांधून निघायचे आणि पाळीची वेळ होईपर्यंत आमच्या पायरीवर बसायचे. मी ऑफिसात असे. संध्याकाळी आई सांगायची. आज मामांनी शेंगा फोडून दिल्या. आज सूनबाईनं कूस बदलली, दाराकडं तोंड केलं. आज तिनंच विचारलं, मामांना पाणी दिलं का म्हणून. ते वाक्य मामांनी आमच्याकडं पुन्हा कधी काढलं नाही. पुढं पुढं आवाज मात्र पूर्वीसारखा चढला आणि गावाकडच्या म्हशीच्या खोड्या गल्लीभर ऐकू जाऊ लागल्या.

मग एका शनिवारी मामा आले नाहीत. अर्धी सुट्टी म्हणून मी दोनला घरी आलो, तर ती खाटेवर उठून बसलेली. "आज आले नाहीत ते," एवढंच म्हणाली. पाळी बदलली असेल, मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. तीन वाजून गेल्यावर ती एकदम उठली, केसांवरून हात फिरवला, पदर घेतला. "गिरणीपर्यंत जाऊन येऊ."

दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा उंबरा ओलांडत होती. वैशाखाचं ऊन, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. मी इतका हरखलो होतो की वाटभर काय बडबडलो, माझं मलाच ठाऊक नाही.

आम्ही गिरणीच्या फाटकाशी पोचलो आणि पहिल्या पाळीचा भोंगा झाला. बाहेर पडणाऱ्या गर्दीत मामा दिसले. तिला पाहून घाईघाईनं आले.

"आज पयल्या पाळीला घातलं ओ मला, ताई. सांगावा धाडावा तर कुनी..." ते मधेच थांबले. खाली बघत होते. "ताई, तुमच्या पायात काय न्हाई की."

मी पाहिलं. ती अनवाणी आली होती. एवढा सगळा रस्ता मी तिच्या शेजारून चाललो होतो.

मामांनी आपल्या टायरच्या चपला काढून तिच्यापुढं सरकवल्या. तिनं त्या घातल्या.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला तोच परतीचा रस्ता दिसतो. पुढं ती, त्या भल्यामोठ्या चपला फरफटत, एक निसटली म्हणून स्वतःशीच हसणारी. मागं मामा, तापल्या डांबरावर पाय उचलून टाकत, "लई भाजतंय ओ सायेब" असं सगळ्या रस्त्याला ओरडून सांगणारे. आणि मधे मी, पायात बूट घालून.