पेन्सिलीनं लिहिलेली नावं

लाडकीबाईंनी सातबाऱ्याची प्रिंट माझ्या टेबलावर परत ठेवली. "पोरी, यात मी कुठंय?"

मी शोधलं. त्या नव्हत्या. नवरा होता, तो वारून दोन वर्षं झालेली. दीर होता. कागदावर नाव नाही तर शेतात पाय ठेवायचा नाही, असं त्यानं सगळ्या पाड्यासमोर बजावलं होतं. भाताच्या रोपांसाठी राब भाजून तयार होता, आणि पेरायचं कुणी यावर भांडण पेटलेलं.

मी डहाणू-तलासरीकडच्या एका कचेरीत कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर होते. हातानं लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम. संध्याकाळी आशागडला घरी परतले की जमिनीच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची पत्रकं लिहायची. सरकारला झोडपणारी पत्रकं, सरकारी पगारावर. असो.

त्याच आठवड्यात मुंबईहून अनघा आली होती. कॉम्प्युटरमुळे सरकारी कारभार कसा बदलतो, यावर पीएच.डी. करत होती. पूर्वी उतारा किती दिवसांत मिळायचा, आता किती मिनिटांत, असले तिचे प्रश्न. मला तिचा रागच आलेला. तिनं लाडकीबाईंनाही तेच विचारलं.

"लवकर भेटला," त्या म्हणाल्या. "पण माझा नाय."

अनघाच्या प्रश्नावलीत या उत्तराला रकाना नव्हता. तिनं जुनं रजिस्टर बघायला मागितलं.

नाव होतं. पेन्सिलीनं. माणूस वारला की तलाठी वारसाचं नाव आधी पेन्सिलीनं लिहितो. नोटीस निघते. हरकत आली नाही तर सर्कल ऑफिसर सही करतो, मग ते शाईनं पक्कं होतं. इथे हरकतीची मुदत कधीच उलटलेली, दीरानं तेव्हा तोंडही उघडलेलं नव्हतं. राहिली होती फक्त सही. आणि आम्हाला ऑर्डर होती, शाईतलं तेवढंच भरा.

"अशी किती नावं सोडलीस?" अनघानं विचारलं.

"मोजली नाहीत."

आम्ही तिघी आमच्या कचेरीच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, मॅडम, कच्ची नोंद कॉम्प्युटरला चालत नाही. मी भाषण सुरू केलं, अगदी पत्रकातलं. साहेबांनी चहा सांगितला.

अनघा शांतपणे म्हणाली, "साहेब, एवढंच लिहून द्या. बाईंचं नाव रजिस्टरात आहे, कॉम्प्युटरात नाही, आणि का नाही."

"ते कशाला?"

"प्रबंधाला जोडायला. परीक्षक विचारतील ना."

साहेबांनी चष्मा पुसला. लिहून काहीच दिलं नाही, पण सर्कलसाहेबांना निरोप गेला. त्यांनी नोटिशीची तारीख पाहिली आणि दुपारी सही केली. तलाठ्यानं नावावर शाई फिरवली, मी ते टाइप केलं. भात लाडकीबाईंनीच पेरलं. दीर बांधावर बसून बघत होता, हे सांगायला त्या मुद्दाम कचेरीत आल्या.

अनघानं प्रश्नावली नव्यानं लिहायला घेतली. पहिला प्रश्न, उताऱ्यातून कुणाचं नाव सुटलं? बाकीची रजिस्टरं पुन्हा तपासू द्या, असा अर्ज आम्ही दोघींनी केला. तो अजून वरच आहे.

कॉम्प्युटरनं गरिबांची नावं खाल्ली, असं पत्रक मी लिहून ठेवलं होतं. ते फाडलं. ऑर्डर वरून आली हे खरं, पण त्या नावांवरून पुढे सरकलेला हात माझा होता. थांबलं की दिवसाचा कोटा अपुरा राहायचा, म्हणून थांबले नाही. आता नवा ऑपरेटर आला की वेगाचं नंतर सांगते. आधी पान खिडकीपाशी नेऊन तिरकं धरायला लावते. पेन्सिल फिकी झाली तरी तिरक्या उजेडात चकाकते.