मंगलनं मांडलेले डाव

कांद्याची आरण, म्हणजे साठवणीची रास, उपसायला घेतली की काय होतं, हे आमच्याकडच्या कुणालाही विचारा. खालचा एक कांदा काढायला जावं, तर वरचे पंधरा घरंगळत पायावर येतात. आमच्या तिघींच्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. यास्मिनचा फोन येतो, ती नुसतं "सुमे, मंगल काय म्हणाली व्हती गं त्या वेळेला?" एवढंच विचारते, आणि इकडे माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात!

आम्ही तिघी म्हणजे मी, यास्मिन आणि मंगल. पिंपरी पेंढारच्या एकाच गल्लीत वाढलो. यास्मिनचे अब्बा मूळचे जुन्नरचे, धंद्यानं टेलर. आमच्या गावात त्यांनी मशीन मांडलं आणि इथलेच झाले. मी भित्री. यास्मिन इतकी शांत की घरात आहे की नाही ते हाक मारून बघावं लागायचं. आणि मंगल? मंगलचं काय सांगू राव! एका गल्लीला पुरून उरेल एवढं डोकं देवानं एकट्या पोरीला दिलं होतं.

* * *

आम्ही चौथीत असू. गावात बैलगाड्यांच्या शर्यती झाल्या की पुढचे पंधरा दिवस सगळी पोरं तोच खेळ खेळायची. दोघं बैल, एक पुढं पळणारी घोडी, एक मालक. शाळेमागच्या चढाला घाट म्हणायचं. पोरींना मात्र त्यात घ्यायचे नाहीत.

"पोरी घाटात येत न्हाईत," मंगलचा चुलतभाऊ संजय म्हणाला. संपला विषय!

मंगल तडक वळली. घरी गेली, रॉकेलचं नरसाळं घेऊन आली, शाळेच्या कट्ट्यावर चढली आणि नरसाळं तोंडाला लावून सुरू झाली, "मंडळीऽऽ, बारी सुटली! काय पळ हाय, काय पळ हाय! संजूशेठचा डावा बैल बघा, पाय भुईला लागंना! झाली... झाली... झाली!"

पोरं अशी पळाली म्हणता, जन्मात पळाली नसतील! ज्याचं नाव ती घेई त्याच्या अंगात वारं भरायचं. चार बाऱ्या, म्हणजे फेऱ्या, झाल्या आणि मंगलनं नरसाळं खाली ठेवलं. पाचवी बारी सुटली, पण पळण्यात कुणालाच मजा येईना. शेवटी संजय धापा टाकत कट्ट्यापाशी आला.

"बोल की गं!"

"आदी घाटात घ्या."

पोरांनी आपसांत विचार केला. "बरं, ये. डावा बैल हो."

"बैल न्हाई," मंगल म्हणाली, "मालक!"

* * *

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही यास्मिनकडे आला. रविवारी दुपारी चारच्या मराठी पिक्चरला निम्मी गल्ली तिच्या पुढच्या खोलीत. अब्बा शिलाई मशीन बाहेर ओट्यावर काढून ठेवायचे, जागा व्हावी म्हणून.

एकदा असाच एक रडका पिक्चर लागला होता. नवऱ्यानं बायकोला घराबाहेर काढलंय, ती पोर कडेवर घेऊन निघालीय, सगळ्या बायकांचे पदर डोळ्यांना, आणि लाइट गेली! आता शेवट कसा कळणार? बायका हळहळायला लागल्या. कुणी उठेना.

मंगल पुढं जाऊन काळ्या पडद्याशेजारी उभी राहिली. म्हणाली, "मी सांगते." आणि तिनं सांगितला की! ती बाई तालुक्याच्या गावी जाते, एका म्हातारीकडे भाड्यानं राहते, पिठाची गिरणी टाकते. तिच्या गिरणीवर रांगा लागतात. मग एक दिवस तोच नवरा डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन रांगेत उभा! ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "नंबरानं या."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या!

दोन दिवसांनी राजुरीहून कुणाची तरी वहिनी आली. तिच्याकडे लाइट होती, तिनं पूर्ण पिक्चर पाहिला होता. ती म्हणाली, "छे, गिरणी कसली! ती परत येती आन नवऱ्याच्या पाया पडती."

मंगलचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात यास्मिनची अम्मी चहाचे कप विसळता विसळता म्हणाली, "वो पिक्चरवाल्याचा शेवट हाय. हमारे गल्ली का येगळा हाय."

* * *

यास्मिनचा किस्सा सांगायलाच हवा, कारण ती स्वतः कधी सांगणार नाही.

चित्रकलेच्या तासाला गुरुजींनी 'सूर्योदय' काढायला सांगितला. आम्ही सगळ्यांनी तेच काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, खाली नदी, बाजूला नारळाचं झाड. पिंपरी पेंढारमध्ये नारळाचं झाड कुणी पाहिलं होतं देव जाणे!

यास्मिननं पाण्याची टाकी काढली. टाकीला शिडी, शिडीवर एक कावळा, आणि टाकीच्या मागून सूर्य.

गुरुजी म्हणाले, "अगं, हे काय? सूर्य डोंगरातनं उगवतो."

यास्मिन खाली मान घालून म्हणाली, "आपला टाकीमागून उगवतो, गुरुजी."

वर्ग हसला. गुरुजींनी दहापैकी दोन मार्क दिले. ती रडली नाही, पण घरी जाताना आमच्या दहा पावलं पुढं चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि गुरुजींनी यास्मिनला पुढं बोलावलं. आता अजून काय राहिलं! गुरुजी सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "आज सकाळी मी मुद्दाम लवकर उठून पाह्यलं. पंधरा वर्षं या गावात राहतोय. सूर्य टाकीमागूनच उगवतो." मग खिशातलं पेन काढून त्यांनी तिच्या वहीतले दोनाचे दहा केले. मला विचाराल तर मार्क बदलणारे गुरुजी पुष्कळ असतात. सगळ्या शाळेदेखत स्वतःला दोन मार्क देणारा मी तो एकच पाहिला.

* * *

सातवीत असताना गावाला पहिल्यांदा बाई सरपंच झाली. नावाला बाई, कारभार सगळा त्यांचे मालक अण्णा बघायचे. त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. म्हणजे मंगल सोडून.

तिनं नवा खेळ काढला, ग्रामसभा. मंगल सरपंच, यास्मिन ग्रामसेवक, मी जनता. मंगलच्या धाकट्या भावाला, बाळूला, सरपंचाचा नवरा केलं. मी उठून विचारलं, "सरपंचबाई, नळाला पाणी कवा येनार?"

ठरल्याप्रमाणे बाळू मधेच म्हणाला, "येईल, येईल. बघतो मी."

"थांबा!" मंगल ओरडली. "सरपंच कोन हाय?"

"तू."

"मंग बोलतंय कोन?"

"मी."

"मंग तुमी च्याचं बघा. मी बोलते!"

आम्ही खो खो हसलो. मागं वळून बघतो तर काय, डोक्यावर हंडा घेतलेल्या खऱ्या सरपंचबाई उभ्या! आता घरी सांगणार, मार बसणार. बाईंनी हंडा खाली उतरवला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "परत एकदा खेळा बरं. पयल्यापास्नं."

आम्ही खेळलो, माना खाली घालून. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, हंडा उचलला आणि गेल्या.

पुढच्या ग्रामसभेला माझी आई गेली होती. घरी आली ती हसतच. रस्त्याचा विषय निघाला, अण्णा सवयीनं उठून बोलायला लागले, तर सरपंचबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, तुमी जरा च्याचं बघा."

* * *

मुंबईहून मंगलचा आतेभाऊ सुट्टीला आला. बरोबर टीव्हीला जोडायचा गेम. आम्ही असलं काही पाहिलेलंच नव्हतं. त्याचा रुबाब काय विचारता! आम्ही बटणाला हात लावला तर म्हणायचा, "खराब कराल."

तिसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळाला. आठवडाभर लाइट नाही. पोरगा रडकुंडीला आला.

मंगल त्याला कोरड्या कॅनॉलमध्ये घेऊन गेली. त्याच्या हातात तिनं स्वतःची एक चप्पल दिली. "हा तुजा रिमोट. ही सुमी तुजा मानूस. दाब!"

त्यानं चपलेवर अंगठा दाबला, मी उडी मारली. दोनदा दाबला, मी धोंड्यावरून उडी मारली. यास्मिन वरून मातीची ढेकळं टाकायची, ती चुकवायची. काठावरून मंगल नवनवीन संकटं सांगायची, "म्होरं मगर हाय! डावीकडं आग!" मी मेले की तिथंच आडवं पडायचं आणि दहा आकडे मोजून उठायचं. माझे गुडघे फुटले, पण आठ दिवस तो पोरगा जेवायलासुद्धा घरी जाईना. लाइट आल्याचं आम्ही त्याला सांगितलं, तर म्हणाला, "राहू दे."

मुंबईला गेल्यावर त्याचं पत्र आलं. इकडचं तिकडचं लिहून शेवटी एकच ओळ होती, "इथल्या गेममध्ये तीनच जीव मिळतात."

* * *

दहावी झाली, आणि ओतूरला अकरावीला नाव घातलं. तेव्हा आमच्याकडे उसात बिबटे यायला लागले होते. वाटेवरच्या मळ्यातून बिबट्यानं एक कालवड नेली, आणि तिन्ही घरांत एकच सूर निघाला, "बास झालं कॉलेज!" पोरांना कुणी बास म्हणालं नाही, हे आपलं सहज सांगते. बिबट्या काय फक्त पोरीच खातो?

मंगल तिच्या वडलांना, तात्यांना म्हणाली, "आवाज असला की जनावर लांब ऱ्हातंय, आसं तुमीच म्हनता ना? मग आमी आवाज करत जाऊ."

आणि गेलो की! सकाळी तीन सायकली निघायच्या आणि उसाची हद्द लागली की मंगल सुरू, "आली आली आली! पिंपरी पेंढारची बारी आली! हिरवी सायकल म्होरं, लाल सायकल मागं, घंटी न्हाई, ब्रेक न्हाई, पन पळ बघा पळ!" रोज जाता-येता, दोन वर्षं. उसाला पाणी देणारे लोक फडातून ओरडायचे, "सातची गाडी गेली रं!"

एकदा मंगलचा घसा बसला. शब्द फुटेना. उसाच्या तोंडाशी आम्ही तिघी थांबलो. मी तर सायकल माघारी वळवायला निघाले होते. आणि अचानक यास्मिननं, कधीही मोठ्यानं न बोललेल्या यास्मिननं, सायकलवर टांग टाकली आणि खड्या आवाजात सुरू केलं, "भारत माझा देश आहे! सारे भारतीय माझे बांधव आहेत!" ऊस संपेपर्यंत तिनं प्रतिज्ञा किती वेळा म्हटली, ते मोजलं नाही.

पलीकडे पोचल्यावर मंगल बसक्या आवाजात म्हणाली, "आज बिबट्या सावधान हुबा ऱ्हायला आसंल."

* * *

बारावीनंतर डी.एड.च्या याद्या रखडत पार थंडीत लागल्या, त्यात मंगलचा नंबर लागला आणि त्याच आठवड्यात निरगुडसरचं स्थळ चालून आलं. मुलगा दिलीप. मंचरला पाण्याच्या जळक्या मोटारींना नव्या तारा भरायचं दुकान, घरी बागायत, माणसं चांगली. तात्यांना स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. मंगल दोन दिवस जेवली नाही. तिला मुलगा नको नव्हता, तिला दोन वर्षं हवी होती. पण "दोन वर्षं कोन थांबतंय?" यापुढं घरात बोलणंच जाईना.

बघायला मंडळी आली. मी आणि यास्मिन स्वयंपाकघराच्या दारात. पोहे झाले, नाव-शिक्षण झालं. मुलाच्या वडलांनी नेहमीचं विचारलं, "पोरीला काय काय येतं?"

मंगलची आई सांगायला लागली, "सैपाक येतो, शिवन येतं..."

"गजगे," मंगल म्हणाली.

गजगे म्हणजे सागरगोटे. लहान पोरींचा खेळ!

"किती गजग्यांचा?" हे कोण विचारतंय म्हणून बघितलं, तर स्वतः मुलगा.

"पाच."

"आमच्याकडं सात."

"हितं पाच," मंगल म्हणाली. मग एका दमात बोलून गेली, "डी.एड.ला नंबर लागलाय. दोन वर्सं लागतील. मी जिंकले तर लगीन दोन वर्सांनी. हारले तर तुमी म्हनाल ती तारीख."

"मंगल!" तात्या उठून उभेच राहिले.

मुलाच्या वडलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मुलाकडे बघितलं. मुलगा सदऱ्याच्या बाह्या सरसावत सतरंजीवर बसलासुद्धा होता. त्याला तीन बहिणी होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

पहिला डाव मंगलनं जिंकला. दुसरा त्यानं. मोटारीच्या तारा गुंडाळून सरावलेला हात, गजगा वर कधी गेला आणि खाली कधी आला ते दिसायचंसुद्धा नाही. तिसऱ्याला आधी मंगलची पाळी. एक उडवला, खालचे चारही एका मुठीत उचलायचे होते, तिनं तीन उचलले. चौथा राहिला. तिनं डोळे मिटून घेतले. यास्मिननं माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठले.

आता त्याची पाळी. त्यानं गजगा उडवला. खालचे चारही उचलले, अगदी अलगद. आता वरचा झेलला की संपलं; सुटला तर उचललेले चारही बाद, आणि मंगलचे तीन वरचढ. गजगा खाली आला, त्याच्या उघड्या तळहाताच्या मधोमध टेकला, आणि बोटांवरून घरंगळून सतरंजीवर पडला.

सगळ्यांच्या माना सतरंजीकडे वळल्या.

"पडला," मंगल म्हणाली.

"पडला खरा," तो म्हणाला.

"आरं, हातात आल्याला पडला कसा?" त्याचे वडील म्हणाले.

"घाम आला व्हता हाताला," दिलीप म्हणाला, आणि थंडी फार म्हणून त्यानं मफलर कानांवर ओढून घेतला.