ताटातलं अर्धं अंडं

क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले होते, पण भूक काही परतली नव्हती. आई रोज वरण-भाताबरोबर दोन उकडलेली अंडी वाढायची आणि मी निम्मं ताट तसंच बाजूला सारायचो. एका दुपारी पाणी प्यायला उठलो, तर आई ओट्याशी उभी राहून माझं उरलेलं अर्धं अंडं खात होती.

मी ओरडलो, "आई, माझं उष्टं खाऊ नकोस!"

"अरे, ताटातून लागत नाही हा आजार. डॉक्टरांनीच सांगितलंय ना? चांगलं अन्न टाकवत नाही मला."

तिचं खरं होतं. पण गोळ्या सुरू होण्याआधी कित्येक आठवडे मी तिच्या शेजारीच खोकत होतो, ते आठवलं. भीती अशी समजूत घालून जात नाही. त्या दिवसापासून मी ताट चाटूनपुसून संपवू लागलो, तिच्यासाठी काही उरू नये म्हणून. वजन वाढलं. आई हरखून गेली.

मग एकदा जेवताना ती खोकली. "ठसका लागला रे," म्हणाली. दुसऱ्याच दिवशी मी तिला तपासून आणलं. काही निघालं नाही. तरी अजून ती खोकली की माझा घास हातातच थांबतो.

"जेव ना," ती म्हणते, "गार होतंय."