सोमवारी सुरू न झालेला ट्रॅक्टर

शैलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी लॅबमध्ये एका बिघडलेल्या फ्रीझरसमोर उकिडवी बसले होते. रिसर्च लॅबमधली यंत्रं चालू ठेवणं हेच माझं काम. तिच्या मुलीचा, ईराचा, मेसेज आला, ‘आई गेली. आत्ताच. कॉल मी व्हेन यू कॅन.’ मी फ्रीझरच्या दाराचं रबर बसवून घेतलं, हात पुसले आणि मग फोन केला. रडू आलं नाही. पण तेव्हापासून एका जागी बसवत नाही, हे खरं. त्याचं कारण नुसतं दुःख नाही, म्हणून लिहिते आहे.

शैलाताई मूळची नागपूरची. इथे अमेरिकेत एका कॉलेजात तीस वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं. आमची ओळख न्यू जर्सीत, मंडळाच्या गणपतीत, सगळे फोटो काढत असताना मागे पातेली घासणाऱ्या आम्ही दोघीच उरलो होतो तेव्हाची. ती माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी, तरी मी तिला अगं-तुगंच करायची. निवृत्तीनंतर तिने आणि तिच्या नवऱ्याने, माधवरावांनी, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला बारा एकर जमीन आणि एक जुनं घर घेतलं. घराबरोबर एक तीन सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर आला. माधवराव गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ही विकून टाकेल. तिने उलट ट्रॅक्टरचं ऑइल स्वतः बदलायला सुरुवात केली. “वर्गात चाळीस पोरं सांभाळली, हा एकच आहे,” म्हणायची.

गेल्या वर्षी पानं गळायच्या सुमारास तिला कॅन्सर निघाला. पसरलेला. बरं होण्याची भाषा डॉक्टरांनी केलीच नाही, दर सोमवारी केमो घेतली तर काही महिने मिळतील एवढंच म्हणाले. ते महिने तिला त्याच घरात हवे होते. ईरा जर्सी सिटीत सत्ताविसाव्या मजल्यावर राहते, मॅनहॅटनमध्ये बँकेत काम करते. आईने आपल्याकडे यावं हा तिचा आग्रह, आणि तो चुकीचा नव्हता. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची लेन पाव मैल लांब आणि चढाची आहे. ती साफ करून देणारा शेजारी फ्लोरिडाला गेला होता, आणि दुसरं कुणी त्या आडबाजूला वेळेवर येईना. बर्फ पडलं की ट्रॅक्टरच्या मागे पातं लावून ते ओढून काढायचं, नाहीतर घरातच बसायचं. आणि तिथल्या थंडीत तो ट्रॅक्टर सुरूच व्हायचा नाही. शेवटी मायलेकींचा करार झाला.

“वन मिस्ड अपॉइंटमेंट अँड यू मूव्ह इन विथ मी. डील?”

“डील. पण मोजायला मी बसणार. तुझं गणित कच्चं आहे.”

मला लगेच फोन. “मीना, इंजिन गरम ठेवायचा हीटर बसवायचाय. ये.” मी गेले तर टेबलावर तक्ता तयार. हीटर तीन जातींचे. एक लोहचुंबकासारखा ऑइलच्या टाकीला खालून चिकटवायचा. दुसरा रेडिएटरचा खालचा पाइप कापून मध्ये बसवायचा. तिसरा थेट इंजिनच्या पोटात. इंजिनच्या अंगावर पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात, त्यातली एक काढून त्या भोकात हीटरचा दांडा घालायचा, म्हणजे आतलं कूलंटच, इंजिनमध्ये फिरणारं पाणी, तापतं. मी म्हटलं, चुंबकाचा घे, पाच मिनिटांचं काम. तिने फ्रिजवरचं चुंबक काढून माझ्या हातात दिलं. “जा, लावून बघ.” टाकी अॅल्युमिनियमची होती. चुंबक खाली पडलं. “तुम्ही पुण्याची माणसं आधी सल्ला देता, मग वस्तू बघता.”

पोटातला हीटर ठरला. दोन दिवस लागले. कूलंट बादलीत काढलं, आणि छिन्नीने टोपीची एक कड आत ठोकली तशी ती आडवी फिरली, मग पकडीने ओढून काढली. भोकाची कड मी सँडपेपरने घासली. शैलाताई स्टुलावर बसून टॉर्च धरायची, केमोने बोटं बधिर झाली होती, पण तोंड नाही. “दांडा आत कुठे टेकत नाही ना? फिरवून बघ. परत फिरव. कूलंट भरल्याशिवाय प्लग लावशील तर जळेल, माझ्यासारखी.” मी रागावले. ती हसत सुटली. सगळं भरून, हवा काढून प्लग लावला, तेव्हा इंजिनच्या आतून बारीक फुसफुस ऐकू यायला लागली, चहाचं आधण ठेवल्यासारखी. तिने कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही... मी हत्यारं आवरली.

टायमर लावला, पहाटे चारला सुरू होणारा. डिसेंबरभर ट्रॅक्टर एका फटक्यात चालू व्हायचा. दर सोमवारी हॉस्पिटलमधून ती मला एकच शब्द पाठवायची, ‘हजर.’

जानेवारीत एका शनिवार-रविवारी मी तिच्याकडे राहिले. रविवारी दुपारी निघाले. घरातून बाहेर पडताना सगळे प्लग काढायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. आमच्या घरी इस्त्रीचं बटण बंद आहे का हे बघायला बाबा रिक्षा परत फिरवायचे. टोस्टर, किटली, दिवा... माझा हात आपोआप फिरतो. फावडं ठेवायला शेडमध्ये गेले. तिथे भिंतीवर हीटरची नारिंगी वायर. ती मीच आणली होती, मीच लावली होती. लॅबमध्ये ज्या यंत्रांना हात लावायचा नाही त्यांवर लाल चिठ्ठी मी चिकटवते. आणि मी तो प्लग काढला, वायरीची नीट गुंडाळी केली, खिळ्याला अडकवली आणि निघाले.

रात्रीतून पाऊण फूट बर्फ पडलं. सोमवारी दुपारी तिचा फोन.

“मीना, शेडमधला प्लग तू काढलास का गं?”

मी हो म्हटलं.

“केवढी सुबक गुंडाळी! मी ओळखलंच. अर्धा तास ट्रॅक्टर खोकला, मग बॅटरी मेली. अपॉइंटमेंट गेली.”

“मी ईराला आत्ता सांगते.”

“काही सांगू नको. मी सांगितलंय, लावायला विसरले म्हणून. तुझं नाव घेतलं तर ती तुला इकडे फिरकू देणार नाही. आणि एकदा विसरलं तर काय होतं? माफ करेल.”

तिचा अंदाज चुकला. जन्मभर इतरांना अंदाज करायला शिकवलं, पण पोटच्या मुलीचा आला नाही. नुसता ट्रॅक्टर बिघडला असता तर ईराने एक संधी दिली असती. पण आई विसरायला लागली, याची तिला भीती वाटली. गॅस विसरेल, औषधं विसरेल. शनिवारी ती गाडी घेऊन आली. निघायच्या आधी तिने मला फोन केला होता. “मीनामावशी, तू पण बघितलंस का? इज शी फर्गेटिंग थिंग्ज?”

एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, “वय झालंय गं.”

शैलाताईने गप्प राहायला सांगितलं होतं, हे खरं. पण मी तेवढ्यासाठी गप्प बसले नाही. मलाही वाटत होतं की तिने जर्सी सिटीला जावं. दर वीकेंडला चार तास गाडी चालवून माझी कंबर दुखत होती. सोय माझीही होती. प्लग काढला ती चूक. ते वाक्य मात्र मी शुद्धीत म्हटलं.

सत्ताविसाव्या मजल्यावर तिने पाच आठवडे काढले. मी जायची तेव्हा ती खिडकी ते दार, दार ते खिडकी फिरत असायची. पुढे फिरणं बंद झालं. “इथे काहीच गरम करावं लागत नाही गं,” एकदा म्हणाली. प्लगचा विषय तिने परत काढला नाही. मीही नाही.

मार्चमध्ये ईरा आणि मी आपापल्या गाडीने ते घर आवरायला गेलो. ट्रॅक्टर बघायला एक गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून मी नवी बॅटरी बसवली. आम्ही पोचलो त्या रात्रीही बर्फ पडलं होतं. हीटर लावला की दोन तास थांबावं लागतं. ते दोन तास आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. ईराला मराठी वाचता येत नाही, आणि हा लेख छापून आल्यावर तिला दुसऱ्या कुणी वाचून दाखवावा हे मला नको होतं. मी सांगितलं. प्लगचंही, आणि त्या वाक्याचंही.

ती मग म्हणाली, “सो शी डिडन्ट फर्गेट.”

“नाही.”

“मी डॉक्टरांना सांगून तिची मेमरी टेस्ट करवली, मावशी. शी गॉट एव्हरीथिंग राइट. आणि मला वाटलं, नशीब, आज तिचा चांगला दिवस आहे.” तिने कप सिंकमध्ये ठेवला. “शी कुड हॅव स्टेड.”

“हो. अजून काही आठवडे तरी.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती आईचा जाड कोट घालून शेडकडे गेली. ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला. तिला चालवता येतो हे मला माहीत नव्हतं. आईनेच शिकवला असणार. पातं मागे असतं, त्यामुळे चालवणाऱ्याला सारखी मान वळवून बघावं लागतं. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा सीटच्या पाठीवर, हनुवटी खांद्याला टेकलेली... कोटात ती लांबून हुबेहूब शैलाताई दिसत होती. पहिली ओढ वाकडी गेली. दुसरी सरळ. पार रस्त्यापर्यंत जाऊन ती वळली, परत आली, आणि माझ्या गाडीच्या मागचं बर्फ तिने सगळ्यात शेवटी, अगदी काळजीपूर्वक ओढून काढलं. मग ट्रॅक्टर बाजूला घेऊन, इंजिन चालूच ठेवून, माझ्याकडे न बघता वर बसून राहिली.

रस्ता मोकळा झाला होता. मी पर्स घेतली आणि निघाले.