जोह्याचे मामा आणि मोजणीचा फॉर्म
आमच्या हिच्या जोह्याच्या मामांनी जन्मात कुणावर विश्वास ठेवला असेल तर शपथ! मी रोह्याहून पेढे नेले की आधी एक मला खायला लावायचे आणि मी पाच मिनिटं धडधाकट दिसलो की मगच स्वतः घ्यायचे. जावई आहे की उंदीर? पेणजवळचं जोहे म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मामांसारखी पंचक्रोशीत कुणाची नाही, पण आखताना दार बंद. का, तर शेजारचे कारागीर बघून हात चोरतात म्हणे.

गेल्या वर्षी आरोग्य केंद्राच्या आशाताई फॉर्म घेऊन आल्या. मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जाण्याचा एक दुर्मीळ आजार पेण-रोह्याकडे किती घरांत आहे, ते मोजायचं होतं. चूल फुंकताना, गरम खाताना हात लुळा पडतो का, बोलणं अडखळतं का, एवढंच विचारायचं. मामा उखडले. "आमच्यात कोनाला काय नाय! आज लिवशील, उद्या गावभर करशील, मंग जोह्याचा गनपती घेल कोन?"

मला मात्र मामांचाच संशय यायला लागला. उकळता चहा पिणारा हा माणूस आता चहा पार गार करून प्यायचा. मधेच ब्रश ठेवून उजवा हात डाव्या हातात धरून बसायचा. "ब्रशात खोट हाय," म्हणून तीन ब्रश फेकले, दुकानदाराशी भांडण केलं ते वेगळंच. एकदा भिंतीकडे तोंड केलेला गणपती मी वळवला, तर डावा डोळा पार कानाकडे ओघळलेला. मामा हळूच म्हणाले, "बोलू नका जावईबापू. आखणी गेली तर माज्याकडं ऱ्हातं काय?" मी गणपती पुन्हा भिंतीकडे वळवला. चुकलंच माझं.

पुढच्या खेपेला आशाताई आल्या तेव्हा मी तिथंच होतो. मामा दारात "नाय, नाय" करत होते आणि आत त्यांची लेक शालू चूल फुंकत होती. मामांनी आखणी शिकवली ती फक्त तिला. अचानक फुंकणी खाली पडली. शालूचा हात लोंबत होता, "बाबा" म्हणतानाही जीभ अडखळत होती. थोड्या वेळानं ती सावरली, पण मामा पांढरेफटक. ब्रशाला दोष द्यायला तिच्या हातात ब्रश नव्हता.

आशाताई नकार घेऊन परत निघाल्या होत्या, अंगणात पोचल्या होत्या. मामा अनवाणी धावले. "थांब गो! लिव. एक नको, दोन लिव."

मुंबईला दोघांवर उपचार झाले. परवा गेलो तर आखणीच्या खोलीचं दार सताड उघडं. शालू डोळे आखत होती, मामा नुसते तिच्या हाताकडे बघत बसलेले. मी सवयीनं आधी माझा पेढा उचलायला गेलो, तर मामांनी काही न विचारता एक घेऊन तोंडात टाकला. उंदराची नोकरी गेली की माझी! खरं सांगतो, मला ते मुळीच आवडलं नाही.