मामाचा स्क्रेपर आणि तो मऊ पॅड

मामा गेला. आणि मी भुजच्या बसस्टँडवर बसलोय.

आईचा फोन आला तेव्हा त्याला स्मशानात न्यायची तयारीही झाली होती. मी बडोद्याला पोचेन तोवर सगळं उरकलेलं असेल.

म्हणून इथेच लिहितो. घरात कोणालाच माहीत नाही असं एक.

मामाचं आयुष्य थ्रस्ट बेअरिंगचे पॅड घासण्यात गेलं. उभ्या पंपाचा सगळा भार या पॅडवर टेकतो.
टेकतो म्हणजे, तसा टेकत नाही. मध्ये तेलाचा थर असतो, केसाहून बारीक. तो तुटला की पंप बसलाच.

धातूच्या पॅडला निळा रंग लावायचा, उंचवटे शोधायचे, स्क्रेपरने एकेक उतरवायचे. मामाचा हात बघायला दुसऱ्या वर्कशॉपमधले लोक यायचे.

मग टेफ्लॉनच्या तोंडाचे पॅड आले. मऊ. भार आला की स्वतःच जरासे दबतात, तेलाला जागा देतात.
त्यांना घासायचं नसतं. ओरखडा पडला की तेल तिथूनच निसटतं.

टेबलावर मामानेच गुजरातीत पाटी लावली होती, ‘स्क्रेपर अडाडवुं नहीं’, म्हणजे स्क्रेपर लावायचा नाही.

हे घडलं त्या महिन्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून समाच्या घरून मकरपुऱ्याच्या वर्कशॉपला मीच बाइकवर न्यायचो. (वाटेत सयाजीगंजला सेवउसळ. डॉक्टरने तिखट बंद केलेलं, हा वर लाल तरी मागून घ्यायचा. असो.)

एका दुपारी तो मला झापत होता.
“डिप्लोमा सोडलास, नोकरी सोडलीस. आता काय सोडणार, निल्या?”

बोलता बोलता हात स्क्रेपरकडे गेला. समोर मऊ पॅड. सवयीने चार हात मारले.

पाचव्याला थांबला.

मी म्हटलं, “मामा, पॅड पालथा करून ठेव. कोणाला कळतंय?”

“अख्ख्या गावाचं पाणी आहे रे या पंपावर.”

मग हळूच म्हणाला, “येतोस आत? शेठकडे?”

मी म्हटलं, “मी गाडी काढतो.”

बाहेरून केबिनच्या काचेतून दिसत होतं. पॅड छातीशी धरून मामा उभा. शेठ खुर्चीतून उठले.
दार उघडलं तेव्हा शेठचं एवढंच ऐकू आलं, “काका, तमे?” काका, तुम्ही?

दुसऱ्या दिवसापासून मामा स्टोअरमध्ये. नट-बोल्ट मोजायला. पॅडला पुन्हा हात लावला नाही.

घरी सांगितलं, डोळे साथ देत नाहीत. मला म्हणाला, तू काही बोलू नकोस.

मी बोललो नाही. पुढच्या आठवड्यात सॅक उचलली आणि हिमाचलला गेलो.

मामी अजून त्या डॉक्टरला शिव्या घालते.

मामी, ऑपरेशन बिघडलं नव्हतं गं. मामाला चांगलं दिसत होतं.
ते चार ओरखडे माझ्याआधी त्यालाच दिसले.

मामा, मी आत यायला हवं होतं.

इथूनच पाया पडतो.